ट्रेलर ओढताना ओव्हरड्राइव्ह बंद करावा की टो/हॉल मोड लावावा?

अमेरिकेत पिकअप ट्रक बाळगणाऱ्या मराठी कुटुंबावर ट्रेलर ओढण्याची वेळ बहुधा दोन प्रसंगी येते. एक तर घर बदलताना भाड्याचा ट्रेलर मागे जोडावा लागतो, नाहीतर मुले जरा मोठी झाली की बोट किंवा कॅम्पिंगचा ट्रेलर घेण्याची हुक्की येते. एरवी दुर्लक्षित राहिलेले, गिअरच्या दांड्याच्या टोकावरचे बटण त्या दिवशी प्रथमच नीट पाहिले जाते. नव्वदच्या दशकातल्या फोर्ड एफ-१५० मध्ये हे बटण ओव्हरड्राइव्ह बंद करण्यासाठी होते, तर पुढच्या काळातल्या फोर्डमध्ये त्याच जागी 'टो/हॉल' असे लिहिलेले बटण आले. जागा तीच आणि दाबण्याची रीतही तीच, त्यामुळे दोन्हींचे कामही एकच असावे असा समज सहज होतो आणि पुष्कळ अनुभवी चालकही तो वर्षानुवर्षे बाळगून असतात. वास्तविक पहिले बटण ट्रान्समिशनकडून फक्त वरचा गिअर काढून घेते, तर दुसरे बटण कोणता गिअर केव्हा टाकायचा आणि केव्हा सोडायचा याचे सगळे हिशेबच बदलते. चढावर या फरकाने फारसे बिघडत नाही, उतारावर मात्र पुष्कळ बिघडू शकते.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे काय, हे एका गाडीच्या आकड्यांवरून पाहू. जनरल मोटर्सच्या लाखो शेवरोले आणि जीएमसी पिकअपमध्ये बसलेल्या ४एल६०-ई या चार गिअरच्या ऑटोमॅटिक ट्रान्समिशनची गुणोत्तरे अनुक्रमे ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७० अशी आहेत. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा एक फेरा म्हणजे मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा एक फेरा. चौथ्यात मात्र शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त वेगाने फिरतो, म्हणून तो ओव्हरड्राइव्ह. मागच्या अॅक्सलचे गुणोत्तर ३.७३ आणि टायरचा व्यास ३१ इंच धरला, तर ताशी ६० मैलांच्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे २,४२५ फेरे घेते आणि चौथ्यात केवळ १,७०० च्या आसपास. मोकळी गाडी सपाट रस्त्यावर धावत असेल तर १,७०० फेरे पुरतात आणि पेट्रोलही वाचते. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ साली अमेरिकी संसदेने गाड्यांच्या इंधनक्षमतेचे नियम घालून दिले आणि त्यानंतरच्या वर्षांत फोर्डची एओडी (१९८०) आणि जनरल मोटर्सची ७००-आर४ (१९८२) ही ओव्हरड्राइव्ह असलेली ऑटोमॅटिक ट्रान्समिशने बाजारात आली, ती याच बचतीपायी.

मागे चार-पाच हजार पौंडांचा ट्रेलर असला की हे गणित कोलमडते. १,७०० फेऱ्यांवर इंजिनाला तेवढा जोर नसतो, म्हणून जरासा चढ लागताच ट्रान्समिशन तिसऱ्यावर येते. वेग सावरला की पुन्हा चौथा पडतो, आणि अर्ध्या मैलात पुन्हा तिसरा. ही गिअरची ये-जा कानाला त्रासदायक वाटते, पण खरा त्रास आतल्या तेलाला होतो. दर वेळी टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिन आणि ट्रान्समिशन जोडणाऱ्या भागाचा, थेट पकड घेणारा लॉकअप क्लच सुटतो, इंजिन आणि ट्रान्समिशन यांच्यामधला दुवा काही काळ फक्त तेलाचा राहतो, आणि तेलात होणारी घसर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. शिवाय चौथा गिअर धरून ठेवणारा बँड प्रत्येक बदलात पूर्ण भाराखाली आवळला जातो आणि सोडला जातो. ओव्हरड्राइव्ह बंद केला की चौथा गिअर मिळतच नाही, म्हणून ये-जा थांबते. फोर्डमध्ये त्यासाठी बटण होते. जनरल मोटर्सच्या गाड्यांत वेगळे बटण नव्हते, दांडा 'डी'वरून '३'वर आणला की तेच काम होत असे.

त्या बटणाची मर्यादाही इथेच कळते. पहिल्यावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर ट्रान्समिशन पूर्वीइतक्याच घाईने जाते. प्रवाशांना धक्का जाणवू नये म्हणून हे बदल मुळातच मऊ ठेवलेले असतात, म्हणजे क्लच अंमळ घसरत पकड घेतात, आणि भार असताना ही घसर परवडत नाही. उतार लागल्यावर गाडी तिसऱ्यात राहील हे खरे, पण तिसरा पुरेनासा झाला तर दुसरा आपोआप पडणार नाही. तो निर्णय चालकाने घ्यायचा.

जनरल मोटर्सने १९९९ च्या सिल्व्हराडो मालिकेत टो/हॉलचे बटण दिले आणि फोर्डने २००३ च्या सुपर ड्यूटी डिझेलमध्ये पाच गिअरच्या टॉर्कशिफ्ट ट्रान्समिशनबरोबर तो मोड आणला. तोवर गिअरचे निर्णय पूर्णपणे संगणकाकडे गेलेले होते आणि म्हणूनच हा मोड शक्य झाला. बटण दाबल्यावर संगणक वेगळा तक्ता वापरू लागतो. प्रत्येक गिअर जास्त काळ धरून ठेवला जातो, वरचा गिअर उशिरा पडतो आणि खालचा लवकर. क्लचवरचा तेलाचा दाब वाढवला जातो, त्यामुळे गिअर बदलताना स्पष्ट झटका जाणवतो. हा झटका बिघाडाचा नव्हे, क्लच न घसरता धरल्याचा आहे. कन्व्हर्टरचा लॉकअप लवकर लागतो, बऱ्याच गाड्यांत खालच्या गिअरमध्येही लागतो आणि सहजी सुटत नाही, म्हणून तेल कमी तापते. मात्र वरचा गिअर बंद झालेला नसतो. रस्ता सपाट असेल आणि भार झेपत असेल तर टो/हॉलमध्येही गाडी ओव्हरड्राइव्हमध्ये जाते, आणि जावी हेच योग्य.

उतारावर ब्रेक दाबताच इंजिनाचा रोध वाढवण्यासाठी गिअर खाली आणण्याचे कामही बऱ्याच गाड्यांत याच मोडमध्ये होते. माझ्या मते या बटणाची खरी किंमत इथे आहे. नावात ओढणे आणि वाहणे असल्यामुळे ते चढासाठी आहे असे वाटते, पण चढावर अॅक्सिलरेटर खाली दाबून कोणतीही गाडी खालचा गिअर टाकतेच.

सहा किंवा त्याहून अधिक गिअरच्या ट्रान्समिशनमध्ये 'ओव्हरड्राइव्ह बंद' या शब्दांना एकच एक अर्थ उरत नाही, हेही लक्षात घ्यावे. जनरल मोटर्सच्या ६एल८० मध्ये चौथा गिअर १.१५ चा, पाचवा ०.८५ चा आणि सहावा ०.६७ चा आहे. म्हणजे बरोबर १.०० चा गिअर त्यात नाहीच आणि ओव्हरड्राइव्ह दोन आहेत. फोर्डच्या १०आर८० मध्ये सातवा गिअर १.०० चा, आणि आठवा, नववा, दहावा असे तीन ओव्हरड्राइव्ह. यांतला नेमका कोणता बंद करायचा? म्हणून अशा गाड्यांत जुने बटण जाऊन अधिक-उणे खुणांची बटणे आली, ज्यांनी 'अमुक गिअरच्या वर जाऊ नकोस' अशी मर्यादा घालता येते. रॅमच्या अनेक गाड्यांत ती स्टिअरिंगवर असतात, शेवरोले आणि फोर्डमध्ये बहुधा दांड्यावर. ओव्हरड्राइव्ह बंद करण्याचा हाच आजचा अवतार आहे आणि टो/हॉल चालू असतानाही तो वापरता येतो. ही दोन साधने एकमेकांचे पर्याय नसून एकमेकांना पूरक आहेत.

निघण्यापूर्वी

गाडीच्या पुस्तिकेत गाडी आणि ट्रेलर यांच्या एकत्रित वजनाची कमाल मर्यादा दिलेली असते, ती आधी पाहावी. जनरल मोटर्सच्या पुस्तिका सांगतात की प्रत्यक्ष एकत्रित वजन या मर्यादेच्या ७५ टक्क्यांच्या पुढे असताना टो/हॉल सर्वात परिणामकारक ठरतो. याचा अर्थ त्याखाली तो लावूच नये असा नाही. रस्ता चढउतारांचा असेल तर निम्म्या वजनालाही मी तो लावीन. ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, येईल असे सामान भरावे, आणि ट्रेलरला विद्युत ब्रेक असतील तर त्यांचा कंट्रोलर रिकाम्या मैदानात कमी वेगावर तपासून घ्यावा. अनेक राज्यांत ३,००० पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे सक्तीचे आहे. हा विषय ट्रान्समिशनचा नसला तरी उतारावर दोन्ही एकत्रच कामाला येतात.

इंजिन सुरू केल्यावर बटण एकदा दाबून डॅशबोर्डवरचा दिवा पाहावा. इथे गोंधळाला भरपूर वाव आहे. जुन्या फोर्डमध्ये 'ओ/डी ऑफ' हा दिवा लागला याचा अर्थ ओव्हरड्राइव्ह बंद आहे. दिवा पेटला म्हणजे यंत्रणा चालू, या सवयीने पाहणारा माणूस नेमके उलटे समजतो आणि शंभर मैल चौथ्या गिअरशिवाय, पेट्रोल जाळत जातो. टो/हॉलच्या दिव्याचा अर्थ मात्र सरळ आहे: दिवा लागला म्हणजे मोड चालू. जुन्या फोर्डमध्ये इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की ओव्हरड्राइव्ह आपोआप चालू होतो, म्हणून पेट्रोल पंपावरून निघताना बटण पुन्हा दाबावे लागते. टो/हॉल काही गाड्यांत लक्षात राहतो, काहींत नाही, त्यामुळे प्रत्येक थांब्यानंतर दिव्याकडे एकदा पाहण्याची सवयच लावून घ्यावी. जुन्या फोर्डमध्ये हाच 'ओ/डी ऑफ' दिवा लुकलुकू लागला तर ती बटणाची गोष्ट नव्हे. संगणकाला ट्रान्समिशनमध्ये दोष आढळला असल्याची ती सूचना आहे आणि त्या दिवशी ट्रेलर जोडूच नये.

सपाट रस्त्यावर आणि चढावर

टो/हॉल लावून निघाल्यावर पहिले दहा-पंधरा मैल गाडीकडे कान द्यावा. इंजिन नेहमीपेक्षा वरच्या फेऱ्यांवर राहील आणि गिअर ठोक्याने पडतील, त्याने बिचकू नये. ट्रेलर ठेंगणा असेल, समजा सपाट पाट्यावर लादलेले सामान असेल, तर बहुतेक वेळा आणखी काही करावे लागत नाही. उंच कॅम्पिंग ट्रेलरची गोष्ट वेगळी. त्याच्या सपाट तोंडावर वारा अडतो आणि समोरून जोराचा वारा असेल तर सरळ सपाट रस्त्यावरही टो/हॉलमधले ट्रान्समिशन वरच्या दोन गिअरमध्ये ये-जा करू लागते. अशा वेळी अधिक-उणे बटणाने वरचा गिअर बंद करावा. चार गिअरच्या जुन्या गाडीत दांडा '३'वर आणावा. मिनिटाभरात तीन-चारदा गिअर बदलत आहे असे जाणवले की वाट पाहू नये, एवढा ठोकताळा पुरे.

लांब चढ सुरू होण्याआधीच गिअर उतरवून घेणे चांगले, कारण वेग पडल्यावर उतरवलेला गिअर इंजिनाला ओरडायला लावतो. गाडीत ट्रान्समिशनच्या तेलाचा तापमापक असेल तर त्यावर नजर ठेवावी. साधारणतः १७५ ते २०० अंश फॅरनहाइट ही सुखाची पातळी. काटा २२० च्या वर टिकून राहू लागला तर वेग कमी करून एक गिअर खाली यावे, म्हणजे लॉकअप टिकेल, पंप जास्त तेल फिरवील आणि तेल निववणाऱ्या कूलरला संधी मिळेल. २५० च्या पुढे गेला तर सुरक्षित जागी थांबून, गाडी 'पार्क'मध्ये ठेवून, इंजिन बंद न करता किंचित वरच्या फेऱ्यांवर चालू ठेवावे. काही नव्या ट्रान्समिशनचे नेहमीचे तापमान मुळातच जास्त असते, त्यामुळे पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच मानावा. एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. ट्रकच्या जाहिरातीत ओढण्याच्या क्षमतेचे जे आकडे दिसतात ते आता बहुतेक कंपन्या वाहन अभियंत्यांच्या एसएई या संघटनेच्या जे२८०७ या प्रमाणित पद्धतीने काढतात, आणि त्या पद्धतीतल्या चढाचा नमुना अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या रस्त्याचा आहे: ११ मैलांहून लांब चढ, पायथ्याशी १०० अंश फॅरनहाइट आणि गाडीतला एसी पूर्ण चालू. त्यातही मागे दोनच चाके असलेल्या साध्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. म्हणजे पूर्ण भाराने चढताना ताशी ४० मैलांवर आलो म्हणून ओशाळण्याचे कारण नाही. उजव्या लेनमधून निवांत चढावे.

उतारावर

लॉस एंजेलिसहून उत्तरेकडे निघाले की आंतरराज्य महामार्ग ५ तेहोन खिंडीतून, सुमारे ४,१०० फुटांवरून, सॅन होकिन खोऱ्यात उतरतो. शेवटच्या पाचेक मैलांत उतार ६ टक्क्यांपर्यंत जातो. त्या भागाला ग्रेपव्हाइन म्हणतात, आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी तिथे बाजूला काढलेले रस्ते पाहिले की या परिच्छेदाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला वेगमर्यादा ताशी ५५ मैलांची आहे, ती इथे सोयीचीच ठरते.

आपण सहा गिअरच्या शेवरोलेमध्ये आहोत असे धरू: अॅक्सल ३.४२ चा, टायर ३१ इंची, टो/हॉल चालू. माथा ओलांडण्यापूर्वीच वेग ५५ वर किंवा त्याखाली आणावा. उतार सुरू होऊन वेग वाढू लागला की ब्रेक ठामपणे, पण एक-दोन सेकंदच दाबून सोडावा. चालक वेग धरू पाहतो आहे हे संगणक ओळखतो आणि गिअर खाली आणतो. ५५ वर सहाव्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला जेमतेम १,३७० फेरे घेत होते. चौथ्यात ते २,३५० वर जाते आणि त्याचा रोध लगेच जाणवतो. एवढ्याने वेग धरला नाही तर पुन्हा तसाच ब्रेक दाबावा, की तिसरा पडेल आणि फेरे ३,१०० च्या जवळ जातील. आवाज मोठा होईल, शेजारी बसलेली मंडळी विचारतील, पण लाल रेषा अजून फार दूर आहे आणि इंधन जवळजवळ बंद असताना नुसते फिरण्याने इंजिनाचे काही बिघडत नाही. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात मॅन्युअल गाडी शिकलेल्यांना हे नवे नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा तिथला धडा ऑटोमॅटिकलाही लागू पडतो.

नुसता ओव्हरड्राइव्ह बंद केलेल्या चार गिअरच्या गाडीत याच उतारावर काय होईल? गाडी तिसऱ्यात राहील आणि ५५ वर इंजिन २,२०० च्या आसपास फिरेल. हलक्या ट्रेलरला तेवढे पुरते. जड ट्रेलर मात्र गाडीला ढकलत राहील, चालक ब्रेक दाबत राहील आणि ट्रान्समिशनला त्याचे काहीच देणेघेणे नसेल. अशा गाडीत वेग ४५ च्या खाली आणून दांडा हाताने '२'वर घ्यावा, तोही उताराच्या सुरुवातीला. अर्ध्या उतारावर, ब्रेक तापल्यानंतर, हे करण्याइतका वेग कमी करता येईलच अशी खात्री नसते. ब्रेक मंद दाबून धरून ठेवणे कोणत्याही गाडीत टाळावे, कारण त्याने तबकड्यांना निवायला वेळ मिळत नाही. जळका वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागले तर पुढच्या थांब्याची वाट पाहू नये.

डिझेल पिकअपमध्ये बहुधा एक्झॉस्ट ब्रेकही, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनाचा रोध वाढवणारी सोय, असतो. तो टो/हॉलबरोबर चालू ठेवावा. खालचा गिअर आणि एक्झॉस्टचा रोध एकत्र आले की साध्या ब्रेकला फारसे काम उरत नाही.

कुठे लावू नये

रस्त्यावर बर्फ, गोठलेला थर किंवा चिखल असताना टो/हॉल बंद ठेवावा. अचानक पडलेल्या खालच्या गिअरचा रोध फक्त इंजिनाने फिरणाऱ्या चाकांवर येतो, मागची चाके घसरतात आणि गाडी आडवी होऊ शकते. फोर्डच्या पुस्तिकेतही हा इशारा आहे. अशा रस्त्यावर हाताने एकेक गिअर हळूच उतरवावा, किंवा सरळ प्रवास पुढे ढकलावा. मोकळ्या गाडीत टो/हॉल राहून गेला तर काही मोडत नाही, फक्त पेट्रोल जास्त जाते आणि झटके खावे लागतात.

टो/हॉल नसलेली जुनी पिकअप घेऊन ट्रेलर ओढण्याचा विचार असेल, तर ओव्हरड्राइव्हच्या बटणावर विसंबण्याआधी ट्रान्समिशनचा जादा कूलर आणि तापमापक बसवून घ्यावा. ४एल६०-ई असलेल्या वापरलेल्या गाडीत तर तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच हा सर्वपरिचित दुखरा भाग आहे. गाडी पाहायला जाल तेव्हा डिपस्टिक ओढून तेलाचा वास घ्यावा आणि रंग पाहावा. लालसर, स्वच्छ तेल असेल तर पुढची बोलणी करावीत. तपकिरी झालेल्या, करपट वासाच्या तेलाची गाडी किंमत कितीही पाडून मिळाली तरी ट्रेलर ओढण्यासाठी घेऊ नये.